मागच्याला कळलं पाहिजे

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत माझी शेड.
पाटीवर अजून बाबांचं नाव,
वर कन्नडात, खाली मराठीत, काजळी दोन्हीवर सारखी.
मी ब्रेकला लायनर बसवते. रिवेट ठोकते,
आणि गाडी कुणाचीही असो, आधी तिची चाकं हुंगते.
जळालेलं लायनर लपत नाही.

सोमण्णा हुद्दार आले ते घरच घेऊन आले.
खानापूर डेपोत एकतीस वर्षं ड्रायव्हर,
लिलावात निघालेली बस घेतली,
सीटा उपसल्या, पलंग टाकला, शेगडी, मोरी,
इंदूक्कांनी शिवलेले पडदे,
तिकिटाच्या पेटीत आता मोहरी-जिरं.
मागं दांड्याला अडकवलेली जुनी जीप.
"बस मुक्कामाला लावायची, जीपनं गावात हिंडायचं.
काय चुकलं?"

काही नाही. ब्रेक कुठाय?
"बसला हाय की."
जीपला?
"तिला कशाला? ती मागनं येऊलीय न्हवं."

मी पान्हा खाली ठेवला.
हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांनी
आपलाच ट्रॅक्टर उतारावर आडवा घातलेला
मी पाहिलाय. चिपाडं रस्ताभर,
आणि ड्रायव्हर बांधावर बसून नुसता हात बघत होता.
चढाला जे आपण ओढतो
तेच उताराला आपल्याला ढकलतं.
एवढंच शास्त्र, मामा. बाकी नटबोल्ट.

चार दिवस लागले.
दांड्याच्या तोंडाशी सिलेंडर बसवला:
बस थांबू लागली की जीप पुढं रेटणार,
त्या रेट्यानंच जीपची चाकं धरणार.
खाली दोन साखळ्या, एकमेकींवरून तिरप्या,
दांडा सुटलाच तर झोळीत पडावा तसा पडेल.
शिवाय एक बारीक तार.
"ही कशाची?"
सगळं तुटलं तर ही शेवटी तुटते,
आणि तुटता तुटता ब्रेक ओढून जाते.
इंदूक्का तारेकडं बराच वेळ बघत राहिल्या.

ट्रायलला चोर्ल्याचा घाट.
जांबोटी, कणकुंबी, धुकं, एक बंद टपरी,
पाटीवर "निधानवागी चलिसी".
मामा म्हणाले, हा रस्ता मला तोंडपाठ हाय.
रस्ता पाठ होता. मागचं दीड टन नव्हतं.
पहिल्या वळणापासून पाय ब्रेकवर, उचलेचनात.
चौथ्या वळणावर मला वास आला.

थांबवा.
"आता कुठं सुरू झालंय..."
थांबवा, मामा.

दगड लावले चाकांना. ड्रम तडतडत होते.
त्यांनी बादली उचलली तशी मी हात धरला:
तापल्या बिडावर पाणी टाकलं की तडकतं,
फौंड्रीतली पोरंसुद्धा सांगतील.
वाट बघायची. दुसरं औषध नाही.

मग घाटातच, घराच्या पायरीवर बसून, चहा.
इंदूक्का कपात बघत म्हणाल्या,
"एकतीस वर्षं हे पुढनं ब्रेक मारायचे,
सांगायचे न्हाईत. मी आपली आदळायची."
मामांनी कानाची पाळी खाजवली.
खाली दरीतून कुठल्यातरी ट्रकचा हॉर्न वर आला.
कुणी काही बोललं नाही.

मी एवढंच सांगितलं:
उतार दिसायच्या आधी गिअर खाली.
इंजिनाला धरू दे. पाय मारा, सोडा,
परत मारा. टेकवून ठेवू नका.
पुढच्या गाडीपासून तुमच्या अंदाजाच्या दुप्पट अंतर.
दर थांब्याला उतरायचं, पिन बघायची,
साखळी, तार, मागचे लाल दिवे,
आणि चाकाजवळ तळहात न्यायचा, लावायचा नाही.
हे काम कुणाचं?
"माझं," इंदूक्का म्हणाल्या.

दुसऱ्या गिअरात निघालो.
इंजिन म्हाताऱ्या म्हशीसारखं घुमत होतं.
वळण आलं; मामांनी पाय टेकवला,
आणि मागून, अर्ध्या क्षणानं, अगदी हलका,
धक्का नव्हे, हुंकार.
त्यांनी आरशात पाहिलं.
"कळलं तिला," म्हणाले.

पैसे द्यायला विसरले ते. पुढच्या महिन्यात
गोव्याहून मनीऑर्डर आली, वर एक ओळ, अक्षर इंदूक्कांचं:
तार अजून शाबूत आहे. रोज बघते.