बारा सेंट

मला हवा होता एक पोरगा:
डोक्यावर हुडीची टोपी, समोर तीन पडदे, गार पिझ्झा,
आणि जगाबद्दल ठाम खात्री.
मथळा संपादकांनी आधीच ठरवला होता.

पत्ता निघाला आखाताच्या टोकाशी, फिनलंडच्या उत्तरेला,
जिथे मार्चमध्येही समुद्रावरून ट्रॅक्टर जातो.
दार उघडलं हिल्का रौतियोनं. वय एकाहत्तर,
हातात अर्धा विणलेला मोजा.
"मीच ती. बूट इथे काढ."

पडदा एकच. नातवानं टाकलेला, कोपऱ्यात तडा.
पंचवीस वर्षं बंदराच्या वायरलेसवर बसून
तिनं बर्फफोड्या जहाजांना वाट सांगितली.
आता ती शक्यता विकत घेते, विकते:
बर्फ कधी सुटेल, मतदान किती होईल,
कुठल्याशा देशातला व्याजदर.
खरं झालं तर एक युरो,
नाहीतर कोरडा हात.

मी विचारलं, सगळे विचारतात तेच.
हा जुगार नाही का? आणि आकडे बरोबर येतात का?
पहिल्या प्रश्नावर तिनं कॉफी ओतली.
दुसऱ्यावर वही काढली.
"सत्तर टक्के म्हटलं, अशा गोष्टी चाळीस.
सत्तावीस घडल्या."
म्हणजे तेरा वेळा चुकलात.
"बारा वेळा चुकायलाच हवं होतं.
एक जास्त झाली, ती माझी."

मग कागद गिरणीचा विषय निघाला.
बंद पडण्याचा भाव तेव्हा बारा सेंट.
सॉनात बसून गाव म्हणायचं, गिरणी? ती कशी बंद पडेल!
पाचामुखी परमेश्वर, मान्य.
पण पाचही मुखं एकाच बाकावर, एकाच वाफेत,
तर परमेश्वराला दुसरं काय ऐकू येणार?

तिचा भाऊ आर्वो गिरणीच्या कँटीनला पाव पोचवायचा.
एका मंगळवारी सहज म्हणाला,
पुढच्या महिन्यापासून काळे पाव निम्मेच सांगितलेत.
शितावरून भात.
तिनं नव्वद युरोंचं घेतलं.
समोर कोण होतं, ठाऊक नाही.
लिस्बनमधला एखादा दातांचा डॉक्टर असेल,
किंवा माझाच तो हुडीतला पोरगा,
"नाही, नाही" म्हणत विकत राहिलेला.
तीस झाला. एक्केचाळीस.
घोषणेच्या आदल्या रात्री एक्क्याऐंशी.
साडेचारशे माणसं सकाळी उठली,
तेव्हा आकडा कधीचाच जागा होता.

भावाला सांगितलं नव्हतंत?
"सांगितलं. म्हणाला, तिथे टवाळ पोरं बसतात."

सहाशे साठ युरोंचं पाकीट पावाच्या डब्याखाली आहे.
आर्वो घेत नाही. तिच्यानं खर्च होत नाही.
डबा उचलला की ती पाकीट सरळ करून ठेवते.

निघताना, बुटाची नाडी बांधत, मी विचारलं,
गिरणी पुन्हा सुरू होण्याचा भाव?
"चार सेंट. तोही जास्तच आहे."
म्हणजे तुम्ही विकलंत?
तिनं मोज्याचे टाके मोजले, दोनदा.
"घेतलंय. थोडंसं."

वहीत त्याची नोंद नव्हती.