कडी

मुंदडा म्हणाले, तीन लाख घाला, सहा वसूल होतील.
पुट्टी, रंगाचे दोन हात, पुढच्या खोलीत पांढऱ्या टाइल्स,
आणि ती भेग तेवढी बुजवून घ्या, वहिनी,
गिऱ्हाईक पहिल्यांदा भिंतच बघतंय.

भेग मी सव्वीस वर्षं बघते आहे.
मे महिन्यात आठ आण्याचं नाणं आत जायचं,
भाद्रपदात पोस्टकार्डसुद्धा शिरत नसे.
सुजातनं लहानपणी तिचाच गल्ला केला होता.
बुजवली तर त्याचे साडेचार रुपये आतच राहतील.

खाली काळी माती. उन्हानं फाटते, पाण्यानं फुगते,
वर आमच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर
तिच्या पोटाबरोबर वरखाली होत.

ह्यांना ठाऊक होतं.
विद्यापीठात माती तपासायच्या खोलीत
बत्तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या ह्यांनी.
कुठल्या गावची माती किती फुगणार
ते सायबाच्या आधी सांगायचे.
प्लॉट घेताना मूठभर उचलली, पाण्यात मळली,
वास घेतला, म्हणाले,
घराला वाईट आहे. पण स्वस्त आहे.
कापूस झकास येईल.

खाजा मिस्त्री आले. टरबूज वाजवतात तशी
भिंत वाजवली चार ठिकाणी.
बुजवतो की, दिवाळीपर्यंत कळनार पन नाही कुनाला.
आणि पुढच्या उन्हाळ्यात?
पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही कुठं इथं राहनार, भाभी?

मी चहा टाकायला आत गेले.
साखर दोनदा पडली.

सुजात पुण्याहून फोनवर हिशेब सांगतो.
हिशेब बरोबर आहे. त्याचा पहिल्यापासून बरोबरच असतो.
आई, तू कामून अडून बसलीस?
मला तरी कुठं माहीत होतं.

रविवारी एक जोडपं आलं बघायला.
तो मोंढ्यात मापाडी, ती एसटीत कंडक्टर.
त्यानं पावलांनी खोली मोजली, दोनदा, ओठ हलवत.
तिनं विचारलं, नळ कितव्या दिवशी?
आठव्या. कधी कधी बाराव्या.
मग ती भेगेपुढं उभी राहिली,
करंगळीचं नख घालून पाहिलं.
वाढते का हो ही?

मुंदडांनी मोबाइल काढला.
मी म्हटलं, वाढते. पावसाळ्यात मिटते. पुन्हा वाढते.
मातीच तशी आहे, भिंतीचा काही दोष नाही.
ती हसली. आमच्या पूर्णेच्या घरात
अख्खा हात जातो, म्हणाली.

आकडा कमी सांगितला त्यांनी.
किती कमी, ते सुजातला अजून कळवलं नाही.

एकच गोष्ट दुरुस्त केली.
न्हाणीघराची कडी.
ती सुजातच्या दहावीच्या साली तुटली,
तेव्हापासून आत असलेल्यानं खोकायचं,
बाहेरच्यानं म्हणायचं, हां हां, चालू द्या.
सुजातचा खोकला घाईचा, नंदेचा नाटकी,
ह्यांचे दोन आखूड, एक लांब.
शेवटच्या वर्षी तर
कडीसाठीचा कुठला आणि छातीतला कुठला
कळेनासं झालं होतं.
मी दोन्हींना हां हां म्हणत राहिले.

स्टेशन रोडवरून साठ रुपयांची कडी आणली.
खाजा मिस्त्रींनी चार स्क्रू मारले, पैसे घेतले नाहीत,
पण एवढ्यावरच थांबणार म्हटल्यावर
माझ्याकडं जरा नीट बघितलं.

एवढं वर्षानुवर्षं राहूनच गेलं होतं, इतकंच.
आणि तिला, त्या कंडक्टरला,
दिवसभर लोकांत उभं राहून घरी आल्यावर
दार लावता यावं.

संध्याकाळी आत गेले. कडी सरकवली.
दार हललं नाही.
बादली भरत होती, पाणी जरा गढूळ.
घरात दुसरं कुणी नव्हतं.
तरी खोकले.
आणि नळ बंद करून
थोडा वेळ तशीच बसून राहिले.