गावकीची भांडी

देवळामागच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असते.
आधी ती बापाच्या करगोट्याला होती,
आता माझ्या मोटारसायकलच्या किल्लीशी वाजते.

आत मोठे टोप तीन. त्यातला एक इतका खोल
की लपाछपीत मी त्यात झोपून गेलो
आणि घणसोलीच्या खाडीवर अख्खं गाव
बत्त्या घेऊन मला शोधत होतं.
पराती चौदा.
(तेरा. एक पदीबायच्या लग्नात गेली.
पदीबायला आता नातसून आली.)
झारे, ओगराळी, तोटीला डाग दिलेली किटली.
प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं.
नाव घालणाऱ्याला 'स्थ' जमला नाही,
म्हणून आमची भांडी 'ग्रामस्त मंडळा'ची.

वही उघडली की गाव दिसतं.
खिडकीतून दिसते ती सेक्टरची भिंत
आणि तिच्यावर वाळणारे कुणाचे तरी मोजे.
वहीत: हसुराम, हळद, टोप दोन.
हसुराम, बारसं, टोप एक.
हसुराम, दहावा.
सही पोराची.

वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं
अकरा वर्षं बोलणं नव्हतं.
उघाडीच्या फळ्या कुणी काढल्या,
खारं पाणी कुणाच्या भातात शिरलं.
ती जमीन सिडकोनं घेतली, तिच्यावर टॉवर झाले,
भांडण जमिनीवाचून चाललं.
पण टोप जायचे.
वरच्या आळीचा माणूस यायचा, बोट दाखवायचा.
माझा बाप एक कडी धरायचा, तो दुसरी,
एकट्यानं उचलत नाही ते.
दोघं गल्लीतून मुक्यानं चालायचे
पावलं जुळवत.

आता हळदीला केटरर येतो.

मागच्या माघात त्रिनाथ बेहेरा आला. प्लंबर.
भोईरांच्या चौथ्या माळ्यावर सहाजणांत राहतो.
बाप तिकडं गेला, केंद्रपाड्याला.
तिकीट मिळालं नाही, रजाही नाही.
म्हणाला, पन्नास माणसं जेवू घालायचीत.
पहिल्या पानावर बापाच्या अक्षरात नियम आहे:
गावाबाहेर देऊ नये.
चांगुनाकाकू पायरीवर जवळा निवडत होती.
"त्याचे बापान काय नियम वाचून मराचा व्हता?"
मान वर केली नाही तिनं. "दे."

टोप आला तीन दिवस उशिरा,
बुडाला पोचा. चूल एका अंगानं खचली म्हणे.
हात जोडून उभा, नवीन घेऊन देतो म्हणाला.
मी वही काढली.
उशीर, रोजचे पाच. पोचा, एकवीस.
छत्तीस रुपये. दंड.
नवीनबिवीन काही नको, म्हटलं, दंड भर.
बाहेरच्याकडून गावकी भाडं घेते.
दंड फक्त आपल्या माणसाला असतो.
हे मी त्याला सांगितलं नाही.
पावती त्यानं घडी करून पाकिटात ठेवली,
आधारकार्डाच्या मागं.

नावापुढं आळीचा रकाना असतो.
पेन धरून बसलो.
भोईरांचं घर खालच्या आळीत,
पण चौथा माळा म्हणजे
वरच्या आळीच्याही वर.
रकाना अजून कोरा आहे.

टोप जमिनीवर ठेवला की आता जरा डुलतो,
मग बसतो.