उगमस्थान

ब्लॉक चारशे एकवीस, बी.
फॉर्मवर: दत्ताराम वडके, वय चौऱ्याहत्तर, तांबट आळी.
डावा गाल. करवंदाएवढी, न दुखणारी.
"दोन महिन्यांत वाढली. साधी गाठ?"
प्रश्नचिन्ह सर्जनचं.

हेमलताने मेणातून काप काढला,
कोमट पाण्यावर सोडला,
साय उचलावी तसा काचेवर घेतला.
खाली कर्वे रोडचा सिग्नल सुटतो,
टेबल थरथरतं, मी थांबते.

मग निळं.
नुसतं निळं, दाटीवाटीचं.
गोल केंद्रकं, भोवती अंग असं नाहीच,
एकमेकींना रेटून आपला आकार ठरवणारी.
आतला रंग मीठमिरीसारखा, असं पुस्तकं म्हणतात;
मला दिसते दोनदा चाळलेली रांगोळी.
आणि दुभंगणं. एका दृश्यात अकरा.
सगळ्या एकसारख्या, हेच भीतीदायक.

शनिवारी दुसरी काच आली.
प्रत्येक केंद्रकाशेजारी एक तपकिरी ठिपका,
घाईत दिलेला अनुस्वार.
फुप्फुसाची खूण कोरी.
म्हणजे तिथून नाही.

मर्केल. बोटांच्या टोकांत, ओठांत
या नावाच्या पेशी बसलेल्या असतात,
हलका स्पर्श झाला की नसेला कळवतात.
गाठीला नाव त्यांचं, पण त्या तर पिकलेल्या,
त्या दुभंगत नाहीत.
मग ही कुणाची?
कातडीतल्या एखाद्या कोवळ्या पेशीची?
रक्ताकडच्या कुणाची?
की त्या विषाणूची करणी,
जो तुमच्या-माझ्या कातडीवर लहानपणापासून
भाडं न देता राहतो, आणि एखाद दिवशी
स्वतः मोडून आपल्याच अक्षरांत शिरतो?
की साधं ऊन?
यावर जाणकारांचं अजून भांडण आहे.

रिपोर्ट न्यायला ते स्वतःच आले.
गालावर पट्टी. पाकीट उघडलं नाही.
काउंटरवरचा तांब्याचा जग उचलून
अंगठा फिरवला, हळू, गोल,
जिथे मठार उठलेली.
"मशीनचा आहे," म्हणाले,
"हाताचा ठोका कधी दुसऱ्यासारखा पडत नाही."
मग जग होता तिथेच ठेवला.
"आणि हे कुठनं आलं, बाई?"

शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं:
उगमस्थान अनिश्चित.
तेच तोंडाने म्हणायला
घशात शब्द जुळेनात.
हेमलता म्हणाली, बसा काका, पाणी घ्या,
आणि त्याच जगातून ओतलं.