रेषेवरचं

नेरूळ. कोर्ट नंबर चार.
पात्रता फेरीचा दुसरा दिवस, प्रेक्षक अकरा.
त्यातले दोघे सावलीपुरते आलेले,
एक खेळाडूची आई, मांडीवर डब्याची पिशवी.
खाडीकडून वारा, त्याला चिखलाचा वास.
बेसलाइनच्या टोकाला, प्लास्टिकच्या खुर्चीत मी,
हात गुडघ्यांवर, पाठ ताठ,
दिवसाचं मानधन आणि जेवणाचं कुपन.

काम तसं सोपं.
चेंडू बाहेर पडला तर ओरडायचं, हात आडवा.
आत पडला तर बोलायचं काहीच नाही,
दोन्ही तळवे पालथे, जमिनीकडे,
झोपलेल्या पोरावरची चादर सारखी करावी तसे.
आत असण्याला आवाज नसतो.

पहिल्याच दिवशी शिकवलं होतं:
रेषा आतल्यांची.
केसभर शिवला तरी चेंडू आत.
मी हसलो.
शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, याला कळलं नाही,
त्यांनी पुन्हा सांगितलं, फळ्यावर चेंडू काढून.

बाई, आमच्याकडे उलटं होतं.
मी सहा वर्षांचा, करावे गावात,
मोजणीवाले आले, त्यांनी टेप ओढली, फक्की टाकली
सरळ आमच्या पडवीतून.
पाटा गावठाणात, वरवंटा बाहेर.
आजोबांनी विचारलं,
"आपला घर रेगेव हाय. मंग आत का भायेर?"
साहेबांनी वहीतून मान वर केली नाही.
भिंतीवर लाल रंगात एक आकडा लिहून गेले.
किती वेळा चुना मारला,
पावसाळ्यात तो परत वर येतो.

असो. मॅच.
अलीकडे कझाकस्तानचा पोरगा,
त्याचं नाव चेअर अंपायर दर वेळी वेगळं उच्चारतात.
पलीकडे शार्दूल केणी, कळव्याचा,
वय सत्तावीस, जगात अकराशे बेचाळिसावा,
उजव्या बुटाचा पुढचा भाग पट्टीने चिकटवलेला.
स्वतःचे चेंडू स्वतः विकत घेऊन सराव करतो
असं कुपनाच्या रांगेत कुणीतरी म्हणालं.
जिंकला तर मुख्य फेरी, एक-दोन गुण,
आणि आईला फोटो काढायला स्पर्धेचा मोठा फलक.

तिसरा सेट, पाच-सहा, थर्टी-फॉर्टी.
अडीच तास झालेले.
पारसिकच्या डोंगरामागे ऊन उतरलेलं,
रेषा पिवळट, डोळ्यांत पाणी.
अठरा फटके मोजले मी, मोजायचे नसतात.
एकोणिसाव्याला त्याने बॅकहँड सोडला, लांब, मोकळा,
सगळं देऊन टाकल्यासारखा,
आणि चेंडू माझ्या रेषेपाशी आला.

आऊट.

माझाच आवाज. हात आडवा.
झाडावरचा बगळासुद्धा उठला.
शार्दूलने अंपायरकडे पाहिलं नाही,
माझ्याकडे पाहिलं.
रागाने नाही. मोजणी करतात तसं.
हार्डकोर्टवर डाग राहत नाही. मातीवर राहतो, म्हणतात.
अंपायरनी निकाल सांगितला. हस्तांदोलन झालं.
आईने डबा उघडला, पुन्हा झाकला.

बाहेर होता. बोटभर.
होताच.
डोळा मी मिटला नव्हता,
मिटला असता तर मला कळलं असतं.
घरी जाताना हेच वाक्य चौदा वेळा म्हटलं
तेव्हा वाटेत बसथांब्यावर तो दिसला,
खांद्यावर दोन पिशव्या, शेजारी आई.
ठाण्याच्या बसला अजून वेळ होता.
माझ्या स्कूटरवर मागची जागा रिकामी.
खेळाडूंशी बोलायचं नाही असा नियम आहे,
चांगला नियम आहे.
मी हेल्मेटची काच खाली केली
आणि पुढे गेलो.

रात्री पडवीत जेवताना बायको म्हणाली,
"आज कोण जिंकलं?"
म्हटलं, कझाकस्तान.
तिने पाटा धुऊन भिंतीला टेकवला,
लाल आकड्याच्या खाली, नेहमीच्या जागी.
उद्या कोर्ट दोन. सकाळी साडेसात.
सर्व्हिस लाइन.