पोचल्याचा निरोप

गुल्बेनेच्या वाचनालयाच्या तळघरात
मंगळवारी संध्याकाळी आम्ही चौघं:
बेकरीतली इल्झे, शाळेतली दोन पोरं,
आणि मी, चौतीस वर्षं स्टेशनात बसून
आगगाड्यांना हो किंवा थांब म्हणणारी.

रेनार्स शिकवतो. हातमोज्यांची बोटं कापलेली,
कारण हीटर नुसता नावाला.
"इन्स्ट्रुमेंट ट्रॅक उघडा," म्हणतो.
उघडते. पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड,
माझ्या शिवणाच्या डब्याएवढा.
दाबते. आवाज नाही.
पुन्हा दाबते, जरा रागानं.
आवाज नाही.
पडद्यावर मात्र हिरवे ठोकळे उमटतात,
एक आखूड, एक लांब,
आणि रागातला तेवढा गडद.

"मिडीत आवाज नसतोच, हेर्टाबाई.
कुठली पट्टी, कधी, किती जोरात,
आणि बोट कधी उचललं.
एवढंच."

इल्झे गोंधळली. मी नाही.
सिग्नल म्हणजे गाडी नव्हे,
हे मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे.

मग त्यानं ट्रॅकला वाद्य नेमून दिलं.
माझ्याच चुका, चेलोवर:
चक्क पोक्त वाटल्या.
बासरीवर: नाक वर करून चालल्यासारख्या.
ड्रमवर: कुणीतरी जिन्यात बटाट्यांचं पोतं सांडलं.
पोरं हसली. मीही.

एक बटण दाबलं त्यानं
आणि सगळे ठोकळे धावत जाऊन
रेघांवर उभे राहिले, प्रार्थनेच्या रांगेत.
"आता सगळं वेळेवर."
मी जन्मभर वेळेवरच्या बाजूची.
तरी म्हटलं, हे उलटं कर, बाळा.
तो तिसरा उशिराच येऊ दे.
त्याची काही अडचण असेल.

गेल्या मंगळवारी इल्झेचा पाय वायरीत अडकला,
वायर निघाली,
आणि ऑर्गनचा एक स्वर तसाच वाजत राहिला.
माझं बोट तर केव्हाच मांडीवर.
"सोडल्याचा निरोप पोचला नाही," रेनार्स म्हणाला,
"त्याला वाटतंय, तुम्ही अजून दाबूनच आहात."

पंच्याऐंशीचा जानेवारी. एकेरी मार्ग.
स्तामेरिएनाकडे मी लाकडाची गाडी सोडली.
पोचल्याचा निरोप नाही.
फोन वाजतोय तिकडे, उचलत नाही कुणी.
बोर्डावर लाल दिवा,
खिडकीत बर्फ,
चहा दोनदा केला, दोनदा गार झाला.
मनात मी ती गाडी
किती ठिकाणी उलटवली, मोजलं नाही.
पहाटे चार दहाला ओयार्स बोलला,
झोपेनं जड:
"आली की केव्हाच. दोनच्या आधी."
पुढे मी त्याला जे बोलले
ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नंतर तो माणूस वर्षभर
प्रत्येक गाडीला दोनदा फोन करायचा.

रेनार्स मेनूत काहीतरी शोधत होता,
सगळे स्वर एकदम गप्प करायचं बटण.
पोरांनी कानांवर हात ठेवले.
म्हटलं, थांब.
वाकले (गुडघा कुरकुरला),
वायर जागेवर खोचली,
तीच पट्टी शोधली,
दाबली.

सोडली.

तळघरात हीटरची टिकटिक ऐकू आली.
"पोचली," मी म्हटलं,
आणि वहीत वेळ लिहून ठेवली,
सवयीनं:
एकोणीस बेचाळीस.