आडवा हात

खाली ला पाझमध्ये मी झेब्रा असते.
कापडी कान, शेपूट, आत घामाची चिकचिक.
चौकात हात आडवा केला की बस थांबते,
एखादी म्हातारी पिशवी सावरत पलीकडे जाते.
सिग्नल सुटेपर्यंतच माझं राज्य.

वर एल आल्तोत आई दगड मांडते.
पाण्याचे दर वाढले, आज चौथा दिवस.
टायर, मोडकं बाकडं, कुणाच्या तरी न्हाणीचं दार
आणि दगड. प्रत्येकीला आपापला ओळखू येतो.
तिच्या नाक्यावरून फक्त अँब्युलन्स सुटते,
आणि एकदा, बरीच वादावादी होऊन, एक शवपेटी.

केबल कार बंद. चढ पायी चढले,
झेब्र्याचं डोकं काखेत.
महामार्गावर एक चाक नाही,
पोरं डांबरावर फुटबॉल खेळतायत.

"कोण गं ते?" शेकोटीपलीकडून एउलोखिया मावशी.
"नगरपालिकेचं जनावर," आई म्हणाली.
सगळ्या खिदळल्या.
मग माझ्याकडे न बघता:
"घरी जायचंय ना? एक धोंडा उचल. मग जा."

उचलला. गार, वाटला त्याहून जड.
ठेवायला वाकले
तर तिनं हात आडवा केला,
मी करते तस्साच.
"तिथे नको.
तेवढी वाट राहू दे."